करडईचा पाटा

माझं माहेर अकलूजकडचं.
कालव्याचं पाणी, आणि ऊस असा दाट
की वाऱ्यालाही आत शिरायला लाज वाटावी.
लग्न होऊन मंद्रूपला आले, उघडंबोडकं काळं रान बघितलं
आणि विचारलं, "पाणी कुठाय?"
शरणव्वा, माझी चुलत सासू,
हसली. पायानं ढेकूळ उलटलं.
"हे काय. ह्यातच."

ढेकळाखाली ओल होती.
हस्ताच्या पावसाची शिळी, थंड ओल,
कुणीतरी झाकून ठेवलेल्या ताकासारखी.
त्या ओलीवर सहा तासं शाळूची,
मग तीन करडईची,
आणि बांधाच्या चारी अंगांना नुसती करडई.
शरणव्वा तिला कुसबी म्हणते.
तिच्या तोंडात कन्नड आणि मराठी
एकाच पाभरीतून पडतात.

कोवळी असताना ती कुणाला नाही म्हणत नाही.
विरळणीची रोपं ओटीत भरून आणायची,
मूगडाळ, लसणाची फोडणी, कडक भाकरी.
मग गड्ड्याची जत्रा उलटते, थंडी मुरते,
आणि गरीब पोरीला एक दिवस
उलटून बोलता यावं
तसं पानाच्या कडेला काटं येतं.

बिराप्पाची मेंढरं शाळूच्या वासानं येतात,
पाट्याशी थबकतात.
नाक पुढं, नाक मागं.
बिराप्पा तंबाखू मळत म्हणतो,
"तुमची राखण बिनपगारी हाय, वहिनी."

फुलं आधी हळदीची, मग शेंदराची.
मी हौसेनं पाकळ्या चोळल्या पदराच्या टोकाला.
पहिल्या धुण्यात पिवळा निघून गेला.
तांबूस काहीतरी राहिलं,
अजून आहे. कशाचा डाग म्हणून विचारतात बाया.

पहिल्या वर्षी मी काढणीला उन्हं वर आल्यावर गेले,
बांगड्या घालून, उघड्या हातांनी.
दुपारपर्यंत तळहातांची चाळण झाली.
शरणव्वानं काही शिकवलं नाही तेव्हा.
रात्री फक्त दिवा जवळ ओढला,
सुई करडईच्या तेलात बुडवली,
आणि एकेक काटा काढत राहिली,
मोजत, कन्नडमध्ये.
मला इप्पत्तमूरपर्यंत आकडे त्या रात्री पाठ झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठवलं.
दीराची जुनी पँट, हाताला पोत्याचे तुकडे,
चांदणं, आणि काट्यांवर दंव.
दंवात काटा मऊ पडतो.
रागीट माणसाशी कधी बोलावं
हे मला तेव्हापासून कळतं.

मागच्या साली शेजारच्या रानात हार्वेस्टर आला.
डायव्हर लांबचा, पगडीवाला, पोरसवदा.
म्हणाला, आई, हा बांधावरचा पाटा काढा,
मशीन वळत नाही.
शरणव्वा म्हणाली, "मग नको वळवू."
त्याला भाषा कळली नाही. हात कळला.
त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला,
आमच्याबरोबर चहा पिला,
बोंडं बडवताना काठीही धरली थोडा वेळ
आणि आईगं म्हणायला शिकून गेला.

पोती जोडभावी पेठेत, चन्नबसप्पाच्या घाण्यावर.
तेल डब्यात, पेंड म्हशीला,
फणकटं चुलीत. जळताना तडतडतात,
अजूनही ऐकून घेत नाहीत कुणाचं.
माहेरी एक बाटली नेली.
आई म्हणाली, उग्र आहे गं वास.
मी म्हटलं, हो.
शेंगाचटणीवर ओतलं आणि एकटीच जेवले.

चैत्रात रान भेगाळतं.
पाट्याच्या जागी बुडखे उभे, राखाडी, वाळके.
परवा एका भेगेत कोपरापर्यंत हात घातला,
मूळ कुठवर गेलंय बघायला.
लागत गेलं, लागत गेलं.
मग शाळूचं लांब ताट घालून बघितलं.
तेही पुरलं नाही.
वरून शरणव्वा म्हणाली,
"काय हुडकतीस?"

तुम्ही पहिल्या दिवशी दाखवलं होतं ते,
म्हणणार होते मी.
पण तोंडात माती होती.